वुडलँड्सच्या काकूंची बैठक

आमच्या घरमालकीणबाई माणसांना अरे-तुरे करायच्या आणि जनावरांना अहो-जाहो. यात अपवाद नव्हता. लिफ्टमध्ये भेटलेला बँकेतला बडा अधिकारी असो की घरी जेवायला आलेला विद्यापीठातला प्राध्यापक, "काय रे, किती बारीक झालास" अशीच सुरुवात व्हायची. निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी गणित शिकवलेलं असायचं, उरलेल्या निम्म्यांना आपणही काकूंचे विद्यार्थीच होतो की काय असं थोड्या वेळानं वाटायला लागायचं. पण बाजारातून येताना नाल्याच्या कडेनं एखादी घोरपड चाललेली दिसली की याच काकू माझा दंड धरून मला थांबवायच्या आणि खालच्या आवाजात म्हणायच्या, "थांब. त्यांना जाऊ दे आधी. त्या काही रोज रोज निघत नाहीत बाहेर."

मी नोकरीसाठी पुण्याहून सिंगापूरला आले तेव्हा वुडलँड्सला त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेतली. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी माझी कंपनी विचारली नाही, नोकरीचा पास, म्हणजे परवाना, कुठला ते विचारलं नाही, स्वयंपाकघरात काय काय शिजवणार तेही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"पाल दिसली की किंचाळतेस?"

मी नाही म्हणाले. आणि राहायला आले त्याच्या दुसऱ्या सकाळी ओट्यापाशी अशी किंचाळले, की शेजारच्या चिनी आंटी दार उघडून बाहेर आल्या. काकू पोळी लाटत होत्या. त्यांनी लाटणंसुद्धा थांबवलं नाही.

"त्या तुझ्या आधीपासून राहतायत इथं," त्या म्हणाल्या. "काल तुला बॅग घेऊन आत येताना त्यांनी बघितलं. त्या ओरडल्या का?"

मी ओट्याचं ते टोक पालीसाठी सोडून दिलं.

काकू साताऱ्याच्या. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा त्यांचे यजमान सेम्बावांगच्या गोदीत इंजिनियर होते. मी राहायला गेले तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा आपल्या कुटुंबाबरोबर बुकित बातोकला एका मोठ्या कॉन्डोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहायचा. काकू एकट्या वुडलँड्सला, आणि सोबत माझ्यासारखी कुणीतरी भाडेकरू. सत्तरीला टेकल्या होत्या. बाजारात ओल्या फरशीवरून पाय घसरून मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून हातात काठी आली होती. ती काठी त्यांना अजिबात आवडत नसे. "टकटक करते सारखी," म्हणायच्या. "माझ्या येण्याची दवंडी पिटवते."

त्यांच्या हॉलमधला टीव्ही दिवसभर चालू असायचा आणि त्यावर काहीही घडत नसायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं टीव्ही बिघडलाय. पडद्यावर एक डबकं, मागे चार खुरटी झाडं, आणि पिवळं गवत. तासन्‌तास तेच. मग कळलं की आफ्रिकेतल्या कुठल्याशा अभयारण्यात पाणवठ्यावर कॅमेरा लावून ठेवलाय आणि काकू ते थेट बघतात. मी संध्याकाळी ऑफिसमधून येऊन चपला काढत असायचे आणि त्या शेंगा मोडता मोडता मला तिकडच्या बातम्या सांगायच्या.

"अजून कुणी आलं नाही आज. तिकडे भर दुपार आहे ना, सगळे सावलीला असतील. सकाळी दोघी जिराफबाई येऊन गेल्या. पाणी प्यायला वाकायचं म्हणजे त्यांना किती त्रास गं, माझ्या गुडघ्यासारखंच."

तिथं जायचं, तंबूत राहायचं, आणि या मंडळींच्या घरात पाहुणं म्हणून चार दिवस काढायचे, हे काकूंनी ठरवून टाकलेलं होतं. हॉटेल नको, काचेची मोठी खिडकी नको. कुंपण नसलेल्या जागी कापडाचा तंबू, बस्स. हे कळलं की प्रत्येक जण मान तिरकी करून, सहानुभूतीच्या आवाजात विचारायचा, "काकांची इच्छा होती का हो?"

"त्यांची?" काकू म्हणायच्या. "त्यांना मुंगळ्याची भीती वाटायची."

"मग का जायचंय?"

"मला आवडतं म्हणून. तू भात का खातोस?"

एका बाईला, या वयात, एखादी गोष्ट फक्त आवडते म्हणून करायची असते, हे लोकांच्या चटकन गळी उतरत नाही. मलाही वेळ लागला.

त्यांची तयारी मात्र कधीच सुरू झाली होती. रविवारी सकाळी त्या मला एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, थेट बुकित बातोकला न्यायच्या. मुलाकडे नव्हे, त्याच्या घराजवळच्या टेकडीवरच्या जंगलात. तिथं माकडं फार. काकू एका बाकावर बसायच्या, काठी आडवी ठेवायच्या, हात मांडीवर. आणि तशाच बसून राहायच्या. माकडं यायची, बघायची, जायची. एखादं त्यांच्या बाकावरच येऊन बसायचं. काकू त्याच्याकडे सरळ न बघता हळूच म्हणायच्या, "बसा."

"काही करायचं नाही," मला त्यांनी शिकवलं होतं. "हसायचं नाही, दात दिसतात त्यांना. डोळ्यांत बघायचं नाही. आणि हातात प्लास्टिकची पिशवी आणायची नाही. पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे."

एका रविवारी उशीर झाला म्हणून मी वाटेत करी पफ घेतला आणि नेमका पिशवीतच आणला. बाकावर बसते न बसते तोच एक भलं मोठं माकड समोर येऊन उभं राहिलं. मी पिशवी छातीशी धरली. त्यानं दुसऱ्या बाजूनं धरली. मी ओरडले, ते ओरडलं, झाडावरचं सगळं खानदान ओरडलं. काकू बाजूला बसल्याबसल्या अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "दे त्यांना. आणि तू त्यांच्याशी भांडू नकोस, ते जिंकतील." मी पिशवी सोडली. माकड पफ घेऊन फांदीवर गेलं. परतीच्या गाडीत काकू खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या. वुडलँड्स येईपर्यंत हसत होत्या.

जायचं नक्की करण्याची वेळ आली तेव्हा काकूंनी बोत्स्वानातली एक छोटी कंपनी शोधून काढली. एक बाईच ती चालवायची, स्वतःच गाइड म्हणूनही जायची. व्हिडिओ कॉल ठरला. पडद्यावर एक रुंद चेहऱ्याची, शांत डोळ्यांची बाई आली. मागे कोंबडा आरवत होता. ती काकूंना "म्मा" म्हणायची. तिकडे मोठ्या बायकांना तसंच म्हणतात. काठी बघून तिनं विचारलं, "म्मा, आमच्या तंबूत गादी जमिनीवर असते. होडीतही तळाशीच बसावं लागतं. तुम्ही जमिनीवर बसून, कुणाचा हात न धरता उठून दाखवाल का?"

काकू हॉलमधल्या फरशीवर बसल्या. बसणं जमलं. उठणं जमेना. एकदा अर्ध्यापर्यंत आल्या आणि परत बसल्या. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "हात लावू नकोस." पुन्हा प्रयत्न केला. चेहरा लाल झाला होता. शेवटी गुडघ्यांवर सरकत सोफ्यापर्यंत गेल्या आणि सोफ्याचा हात धरून उभ्या राहिल्या.

पडद्यावरची बाई खोटं बोलणारी नव्हती. "सॉरी, म्मा," ती म्हणाली. "मी तुम्हाला नेऊ शकत नाही."

कॉल संपला. टीव्हीवर डबकं तसंच होतं. मी चहा टाकला. काकूंनी चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि सोफ्याकडे असं बघितलं जणू त्यानंच दगा दिला होता.

"याची सवय लागलीय मला," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी मी ऑफिसमधून आले तर हॉल रिकामा! सोफा नाही, जेवायचं टेबल नाही, खुर्च्या नाहीत. शेजारच्या आंटींच्या मुलीला नवा फ्लॅट मिळाला होता, तिला सगळं देऊन टाकलं होतं. काकूंचा पलंगही गेला होता. हॉलच्या मधोमध एक लहानसा हिरवा तंबू उभा होता आणि त्याच्या दारात बसून काकू भाजी चिरत होत्या.

"आता उठल्याशिवाय चहासुद्धा मिळायचा नाही मला," त्या म्हणाल्या. "बघू पाय कसे शिकत नाहीत ते."

त्या घरात आम्ही खरोखरच जमिनीवर राहायला लागलो. जेवण जमिनीवर, टीव्ही जमिनीवर बसून, झोपणं काकूंचं तंबूत. फिजिओथेरपीला जायच्या तिथली तरुण मुलगी "आंटी, स्लोली, स्लोली आ" म्हणत त्यांना पाय कसा दुमडायचा, हात कुठे टेकायचा, वजन कुठून कुठे न्यायचं ते दाखवायची आणि काकू घरी येऊन ते पुन्हा पुन्हा करायच्या. सुरुवातीला स्टूल धरून. मग भिंत धरून. दाराची बेल वाजली की मी उठायला लागायचे तर ओरडायच्या, "तू बस! ती बेल माझी आहे." दार उघडेपर्यंत बाहेरचा माणूस कंटाळून जायचा. पार्सलवाल्याला तर ठाऊकच झालं होतं, तो बेल वाजवून कॉरिडॉरमध्ये फोन बघत उभा राहायचा.

मुलगा आला तेव्हा मी घरीच होते. मी त्यांना दादा म्हणायचे. दादा मोठ्या कंपनीत मॅनेजर, शांत, नीटनेटके. दारात बूट काढून आत आले आणि थबकले.

"आई, सोफा कुठाय?"

"दिला."

"आणि टेबल?"

"तेही दिलं. बस ना. खाली बस."

दादा बसले नाहीत. काकूंच्या एकटं राहण्यावरून त्यांचं नेहमीच चालायचं, पण त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदा चढलेला ऐकला. "तू पडलीस तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो," ते म्हणाले. "फोन उचलला नाही मी. तू त्या बाजारात किती वेळ पडून होतीस, मला अजून कुणी सांगत नाही. आणि आता तू पलंग देऊन तंबूत झोपतेस. आफ्रिकेला जायचं म्हणतेस! हा फ्लॅट विकू आपण. माझ्याकडे ये. प्लीज."

काकू भाजी चिरत होत्या, त्यांनी सुरी बाजूला ठेवली. मला वाटलं आता भांडतील. पण त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं. एक कर. ती बोत्स्वानातली बाई, मी पुन्हा विचारलं म्हणून, परत माझी परीक्षा घेणार आहे. तुझ्याच घरी घेऊ, तुझ्यासमोर. मला उठता आलं नाही, तर मी त्याच दिवशी तुझ्याकडे राहायला येते, फ्लॅट विक, आणि आफ्रिकेचं नाव मी पुन्हा काढणार नाही. पण उठले, तर तू विकण्याचं नाव काढायचं नाहीस. कबूल?"

दादांनी रिकाम्या हॉलकडे बघितलं, आईकडे बघितलं. "कबूल," म्हणाले. मला दिसत होतं, आपण जिंकलो असं त्यांना वाटत होतं. आणि त्या जिंकण्याचा त्यांना आनंद होत नव्हता.

खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. काकूंना घरी उठता यायला लागलं होतं, पण दर वेळी नाही. सकाळी जमायचं, संध्याकाळी पाय दगा द्यायचे. परीक्षा ठेवली होती संध्याकाळी, कारण तिकडे तेव्हा दिवस असतो.

कॉन्डोत दादांची बायको, त्यांची नववीतली मुलगी, मी, सगळे भिंतीला टेकून उभे. फोन दादांच्या हातात. पडद्यावर तीच बाई, तोच कोंबडा. काकू हॉलच्या मधोमध गेल्या, काठी नातीकडे दिली आणि खाली बसल्या. हाताच्या अंतरावर काही नव्हतं. गुळगुळीत संगमरवरी फरशी, आमच्या वुडलँड्सच्या फरशीहून कितीतरी निसरडी. याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

काकूंनी एक पाय दुमडला. तळहात टेकला, तो जरासा सरकला. काकू थांबल्या. तळहात कमरेच्या ओच्याला पुसला, पुन्हा टेकला, कमरेतून वळल्या, एक पाऊल पूर्ण टेकवलं. मग वजन पुढे. एक क्षण त्या तिथंच अडकल्या, ना बसलेल्या ना उभ्या, आणि मला त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. आणि मग त्या वर आल्या. सावकाश, सरळ, कशालाही न धरता. उभ्या राहिल्या.

श्वास जागेवर येऊ दिला. मग फोनकडे बघून म्हणाल्या, "वन्स मोअर?" आणि कुणी काही म्हणायच्या आत पुन्हा खाली बसल्या.

"आज्जी, enough लाह!" नात ओरडली. "You win already!"

पण काकू दुसऱ्यांदाही उठल्या. पडद्यावरची बाई मोठ्यानं हसत होती, टाळ्या वाजवत होती. "या, म्मा," ती म्हणाली. "कॅम्पला या. फक्त पायी फिरायला नेणार नाही. ते जीपमधूनच." काकूंनी मान डोलावली. दादांनी फोन खाली ठेवला आणि मुलीच्या हातातली काठी आईला आणून दिली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण मीही येणार."

"ये की," काकू म्हणाल्या. "पण पिशवी आणू नकोस."

असे आम्ही तिघं गेलो. मी का गेले? तोवर मलाही त्या डबक्याची सवय लागली होती म्हणून. रजा मिळाली, गेले.

पुस्तकात शोभेल असं वर्णन मला करता येणार नाही. नदीच्या वळणावर, एका मोठ्या झाडाखाली आमचे तंबू होते. झाड बाभळीच्याच जातीचं, पण अवाढव्य, कानाच्या आकाराच्या करड्या शेंगांनी लगडलेलं. कुंपण नाही. नदीत पाणघोडे घुरघुरायचे, ते ऐकून वाटायचं कुणी जाडजूड माणसं एखाद्या जुन्या विनोदावर हसतायत. पहाटे थंडी अशी, की सिंगापूरला मुरलेले आम्ही होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवायचो. एका पहाटे सिंह ओरडला, लांब कुठेतरी, आणि तंबूचं कापड थरथरलं. किंवा मीच थरथरले. शेजारच्या तंबूतून काकूंचा आवाज आला, "उठले वाटतं ते."

दादा मात्र सारखे आईवर लक्ष ठेवून होते. पाणी प्यालीस का, गोळी घेतलीस का, तिकडे नको जाऊस. काकू हो हो म्हणायच्या आणि तंबूच्या दारातून रोज सकाळी एकट्या उठून बाहेर यायच्या.

एका दुपारी आम्ही झाडाखाली घडीच्या खुर्च्यांवर चहा घेत बसलो होतो. गाइड जरा दूर जीपपाशी होती. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, हत्ती या शेंगांसाठी येतात, आले तर खुर्ची सोडायची नाही, पळायचं तर मुळीच नाही. ऐकताना ते सोपं वाटलं होतं.

हत्तीचा आवाज येत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एवढं धूड, पण पावलांचा आवाज नाही. स्वयंपाकाच्या तंबूमागून तो आला तेव्हा आधी मला वाटलं झाडाची सावली सरकली. मग सावलीला सुळे दिसले. एकटा नर होता. सरळ आमच्या झाडाकडे येत होता, आणि झाडाखाली आम्ही. जीपपाशी गाइडनं तळहात जमिनीच्या दिशेनं दाबून दाखवला. बसा.

दादा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. काकूंनी मान न वळवता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या, ओठ जेमतेम हलले. "ते शेंगा खायला आलेत. तुला नाही."

दादा बसले.

हत्तीनं कपाळ बुंध्याला टेकलं आणि झाड हलवलं. एखादं रोपटं हलवावं तसं. शेंगांचा पाऊस पडला, आमच्या डोक्यांवर, चहाच्या टेबलावर, काकूंच्या मांडीत. मग तो एकेक शेंग वेचायला लागला. सोंडेचं टोक इतकं नाजूक, जणू कुणी तांदळातले खडे निवडतंय. वेचत वेचत तो पुढे सरकत होता आणि शेवटी काकूंच्या पावलांपाशी पडलेल्या शेंगांशी आला. सोंडेतून श्वास सुटला तशी त्यांच्या पायांवरची धूळ उडाली. हात लांब केला असता तर कपाळाला लागला असता. मला त्याच्या पापण्या दिसत होत्या, लांब, सरळ, धुळीनं भरलेल्या.

"घ्या," काकू म्हणाल्या. "तुमच्याच आहेत."

त्यानं घेतल्या. सावकाश. पावलापाशी एकही उरली नाही तेव्हा तो क्षणभर तसाच उभा राहिला, कान एकदा हलवले, आणि आला तसाच गुपचूप नदीकडे उतरून गेला.

दादांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना," काकू म्हणाल्या. "चांगलीच वाटली. पण घाबरून बसताही येतं रे. घाबरलं की पळायलाच हवं असं थोडंच आहे?"

मग त्यांना मांडीतल्या शेंगा दिसल्या. "अगंबाई, या राहिल्याच त्यांच्या," म्हणत त्या उठल्या आणि हत्ती गेला त्या वाटेच्या तोंडाशी सगळ्या शेंगा नीट पसरून ठेवून आल्या.

संध्याकाळी शेकोटीपाशी दादांनी खुर्ची बाजूला सारली आणि आईजवळ जमिनीवर बसले. म्हणाले, "आई, आता परत सोफा घेऊ नकोस."

काकूंनी त्यांच्या केसांतला शेंगेचा तुकडा काढला.

पुढे काय झालं ते सांगते. काकू अजून वुडलँड्सलाच आहेत. मी लग्न करून दुसरीकडे राहायला गेले, माझ्या खोलीत आता कुणी नवी मुलगी आहे, तिलाही नक्कीच पालीचा प्रश्न विचारला असणार. दादा शनिवारी मुलीला घेऊन जेवायला जातात आणि जमिनीवर बसून जेवतात, पाय आखडतात म्हणून कुरकुरतात. शेजारच्या चिनी आंटींनाही काकूंनी टेकडीवर नेऊन माकडांसमोर बसवायला सुरुवात केलीय. पण काकूंची आठवण आली की मला यातलं काही दिसत नाही. मला दिसते बोत्स्वानातली आमची शेवटची सकाळ.

त्या सकाळी गाइड काकूंच्या तंबूपाशी आली. खांद्यावर बंदूक होती. पायी फिरायला जाताना ती बंदूक न्यायची. मला वाटलं मला बोलवायला आलीय. ती म्हणाली, "म्मा, चालायला येता?"

दादा पटकन म्हणाले, "पण तुम्हीच म्हणाला होतात, जीपमधूनच."

"म्हणाले होते," गाइड म्हणाली. "मी पाय बघितले होते तेव्हा. पण जंगलात पायांचं एवढं नसतं. पाय दमले तर मी थांबते. माणूस दचकून पळाला तर मी काय करू? त्या दिवशी झाडाखाली मी म्मांना बघितलं. यांच्यासोबत मी कुठेही चालेन."

काकूंनी स्वेटरची बटणं लावली. निघताना काठीकडे बघितलं आणि ती दादांच्या हातात दिली. "ही आवाज करते," म्हणाल्या.

आम्ही एका ओळीत निघालो. पुढे गाइड, मग काकू, मग काठी घेतलेले दादा, शेवटी मी. गवत दवानं ओलं होतं. काकू सावकाश पावलं टाकत होत्या, प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवून, आणि गाइड त्यांच्याच चालीनं चालत होती. वाटेत वाळूत सिंहाच्या पावलांचे ठसे होते, काकूंच्या तळहातापेक्षा मोठे. त्या थांबून बघत राहिल्या. नमस्कार केल्यासारखे हात जुळले आणि सुटले. एका वारुळाशी गाइडनं मूठ वर केली. आम्ही थिजलो. समोर, खुल्या माळावर, जिराफांचा कळप उभा होता आणि सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या होत्या. मध्ये काहीही नव्हतं. काच नाही, पडदा नाही, डबकंही नाही. कोवळं ऊन त्यांच्या पाठींवर पडत होतं. आम्ही बघत होतो, ते बघत होते. मग त्यातल्या एकीनं आमच्याकडे पाठ केली आणि निवांत पाला ओरबाडायला लागली. आम्ही आहोत हे तिनं मान्य करून टाकलं.

काकू हसत होत्या. आवाज न करता, सगळं अंग हलवत, फक्त जिराफांवरची नजर हटत नव्हती.

परत येताना त्या मध्ये दोनदा थांबल्या, हात कमरेवर ठेवून श्वास घेतला, आणि पुन्हा चालू लागल्या. कुणी हात पुढे केला नाही. दादांनीही नाही. ते काठी छातीशी धरून मागून चालत होते आणि त्यांची नजर त्या ठेंगण्या, जाड स्वेटर घातलेल्या पाठीवरून हलत नव्हती. तंबू दिसायला लागले तशी काकूंनी चाल वाढवली. गाइड मुद्दाम बाजूला झाली, आणि कॅम्पमध्ये सगळ्यात आधी काकू शिरल्या.

दादा गाइडपाशी थांबले. काकूंकडे बोट दाखवून ते म्हणाले, "दॅट्स माय मदर."

गाइडला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण तिनं दादांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढली.